रंगाखालचा बोल्ट

"अण्णा, गाडी फस्क्लास चाललीय. पिकअप आहे, मायलेज आहे, आवाज नाही, धूर नाही. फक्त तो दिवा लागलाय. तेवढा दिवा घालवून द्या."

गेली पंचवीस वर्षं आठवड्यातून दोनदा तरी मी हे ऐकतो. बेंगळुरात, राजाजीनगरात माझं गॅरेज आहे. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलं असं वडील सांगत. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि गॅरेजमध्ये तोंडाला येईल ते. माझ्या मराठीत कन्नड शब्द सापडले तर संपादकांनी ते सुधारू नयेत, ही विनंती. सुधारलंत तर तो मी राहणार नाही.

तर तो दिवा. स्टिअरिंगमागच्या काचेत पिवळ्या रंगाचा, इंजिनच्या आकाराचा. कुणाला तो पाण्याचा नळ वाटतो, कुणाला बदक. गाडीत हल्ली एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि इंजिनभर सेन्सर पसरलेले असतात. हवा किती आली, पाणी किती तापलं, धुरात काय आहे, ते सगळे त्याला कळवत राहतात. कुठल्या तरी सेन्सरचं सांगणं त्याला पटलं नाही की तो दिवा लावतो आणि एक नंबर लिहून ठेवतो. आम्ही स्कॅनर जोडून तो नंबर वाचतो. लोकांना वाटतं, नंबर मिळाला म्हणजे रोग कळला. अय्यो, तसं असतं तर मला कुणी विचारलं नसतं! नंबर फक्त सांगतो की अमुक सेन्सरकडून तक्रार आली. सेन्सर बिघडलाय, की तो खरं बोलतोय आणि दुसरंच काही बिघडलंय, की दोघेही ठीक आहेत आणि मधली वायर खोटं बोलतेय, हे शोधायला माणूस लागतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका मावशींनी त्या दिव्यावर आपली मोठी टिकली चिकटवली होती. "दिसला की छातीत धडधडतं हो," म्हणाल्या. तपासलं तर एक्झॉस्टमधला सेन्सर खरोखरच गेला होता आणि गाडी चार महिने दुप्पट पेट्रोल पीत होती. एचएसआर लेआउटहून एक पुण्याचा मुलगा यायचा. त्यानं स्वतःच स्कॅनर विकत घेतला होता. दर वेळी कागद छापून आणायचा आणि मला म्हणायचा, "काका, माझं डायग्नोसिस झालंय, तुम्ही फक्त एक्झिक्यूट करा." दोन वेळा त्याच्या सांगण्यावरून सेन्सर बदलले, दिवा तिसऱ्यांदा लागला. शेवटी निघालं काय, तर एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप नीट बसली नव्हती. ती बसवल्यावर बिचाऱ्यानं स्कॅनर डिकीत टाकला आणि मुकाट्यानं कॉफी प्यायला.

अशा गोष्टी मी तासभर सांगू शकतो, आणि लोक हसतात. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. गॅरेजात चार माणसं उभी असली की मला चेव येतो. आज लिहायला बसलोय ते मात्र त्या जिभेनं काय केलं ते सांगायला.

कार्ब्युरेटर जाऊन कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या, तेव्हा माझ्यासारखे कितीतरी मेकॅनिक गॅरेजं बंद करून गेले. मीही गेलो असतो. मला नंजुंडानं वाचवलं. बाहेरच्यांना वाटतं, गॅरेजवाला सगळंच करतो. तसं नसतं. मेकॅनिक लोखंडाचा, इलेक्ट्रिशियन वायरचा. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. नंजुंडा माझ्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. देवनहळ्ळीचा, शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला अगदी कमी. टेस्ट लॅम्पची वायर दातात धरून दोन्ही हातांनी काम करायचा, त्यामुळे दिवसाचा अर्धा वेळ त्याला बोलताही यायचं नाही. मी बोलायचो, तो मान हलवायचा. मला तो अण्णा म्हणायचा आणि मी त्याला धाकट्या भावासारखं अरेतुरे करायचो. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते दिवे विझवले. अकराला आणि चारला बाय टू कॉफी, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. अर्धी त्याला, अर्धी मला. गॅरेजच्या मागच्या भिंतीला त्याचा बाक होता. त्यावर सोल्डरिंग गन, टेपची भेंडोळी आणि मेण लावलेला दोरा. वायरचा जोड झाला की तो टेप गुंडाळायचा आणि टेपचं टोक त्या दोऱ्यानं बांधून गाठ मारायचा. इंजिनच्या उष्णतेनं टेप सुटतो, दोरा सुटत नाही. बेंगळुरात एवढा उपद्व्याप करणारा दुसरा इलेक्ट्रिशियन मी पाहिलेला नाही.

आता आयुधपूजेबद्दल सांगायला हवं. पुण्यामुंबईकडे दसऱ्याला गाडीला हार घालतात. आमच्याकडे खंडेनवमीला गाडीचं लग्न असतं म्हणा ना! केळीचे खांब, झेंडूच्या माळा, कुंकू भरलेला कोहळा, चाकाखाली लिंबू. आणि बॉनेट उघडून इंजिनचीही पूजा. मग इंजिन घाणेरडं कसं चालेल? त्याआधीच्या आठवड्यात आमची जुनी गिऱ्हाइकं गाडी आणून द्यायची. मी इंजिन डिझेलनं धुवायचो, पुसायचो आणि लोखंडी भागांवर काळा चकचकीत रंग मारायचो. दुसरे लोक वायरी, पाइप, सगळ्यांवरून सरसकट फवारा मारतात. मी नाही. मी एकेक ब्रॅकेट सोडवायचो, बोल्ट काढायचो, खालून-वरून रंग द्यायचो, वाळवायचो आणि परत बसवायचो. पूजेच्या दिवशी बॉनेट उघडलं की शेजारपाजारचे म्हणायचे, "कुणाकडून केलंत?" ते ऐकायला मी वर्षभर थांबायचो, खोटं कशाला बोलू.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वत्सलाक्का आमच्याच समाजातल्या, शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या. वय तेव्हाच सत्तरीपुढे. छोटी पेट्रोल गाडी स्वतः चालवायच्या, आणि अख्खा क्रॉस, म्हणजे अख्खी गल्ली, त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. त्यांची गाडी झाडाखाली उभी असायची आणि उंदरांनी इंजिनमधली एक वायर कुरतडली. नंजुंडानं ती जोडून दिली, टेप, दोरा, गाठ, सगळं. त्याच आठवड्यात मी त्या गाडीचं इंजिन पूजेसाठी चकचकीत केलं. पूजा झाली. आठ दिवसांनी अक्का दारात हजर. "मुकुंदा, गाडी छान चाललीय रे. पण तो पिवळा दिवा लागतो नि जातो, लागतो नि जातो."

स्कॅनर लावला. नंबर आला तो नेमका त्याच सेन्सरचा, ज्याची वायर उंदरानं खाल्ली होती. मग काय, मला विचार करायची गरजच उरली नाही. नंजुंडाला हाक मारली, "तुझा जोड बघ." त्यानं टेप सोडला, जोड तपासला, मोजला, परत बांधला. "जोड बरोबर आहे, अण्णा." मी नंबर पुसून गाडी दिली. चार दिवसांत दिवा परत आला. दुसऱ्यांदा जोड उघडायला लावला. तेव्हा त्यानं अक्कांना विचारलं, दिवा कधी लागतो? त्या म्हणाल्या, संध्याकाळी भजनाहून येताना. नंजुंडा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "संध्याकाळी म्हणजे हेडलाइट आणि एसी चालू असतात, अण्णा." मी म्हटलं, "हेडलाइटचा आणि या सेन्सरचा संबंध काय? तू जोड बघ." त्यानं टेप सोडायला घेतला.

तिसऱ्यांदाही तेच झालं. चौथ्यांदा अक्का आल्या तेव्हा शनिवार होता आणि गॅरेज भरलेलं होतं. अक्का वैतागल्या होत्या. "मुकुंदा, तुला जमत नसेल तर तसं सांग." चार माणसांसमोर हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. नंजुंडा वाकून चौथ्यांदा तो टेप सोडत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "याच्या जोडापेक्षा उंदीर बरा होता. त्यानं एकदाच कुरतडलं."

सगळे हसले. अक्काही हसल्या. मी पण हसलो.

नंजुंडानं टेप परत गुंडाळला, दोरा बांधला, गाठ मारली. घाई केली नाही. मग बाकाकडे गेला, मीटर, टेस्ट लॅम्प आणि सोल्डरिंग गन पिशवीत घातली. रोज निघताना तो "बर्तीनी अण्णा" म्हणायचा, म्हणजे आपलं "येतो". त्या दिवशी फक्त "सरी", म्हणजे "बरं", एवढंच म्हणाला आणि गेला. मला वाटलं, सोमवारी येईल. सोमवारी आला नाही. मी फोन केला नाही. मी कशाला करू? तो लहान, त्यानं करावा, असं माझं गणित.

जानेवारीत अक्कांच्या गाडीचा क्लच गेला. दिवा तोवर लागत-विझत होताच, त्यांनी नाद सोडला होता. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याआधी अर्थची केबल सोडावी लागते. ही केबल काय असते ते सांगतो. बॅटरीतून करंट निघतो, सेन्सर-दिवे-एसी यांच्यातून जातो आणि गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीत येतो. नळाला पाणी कितीही असो, मोरी तुंबली तर न्हाणीघरात पाणी साचणारच. अर्थची केबल म्हणजे करंटची मोरी. ती लोखंडाला उघडी, स्वच्छ टेकलेली पाहिजे. मध्ये गंज नको, तेल नको, रंग तर नकोच नको.

मी बोल्ट काढला, केबलचं टोक बाजूला केलं, आणि खाली काळा चकचकीत रंग. आरशासारखा. माझाच. खाली-वर दोन हात, व्यवस्थित वाळवलेला. पूजेच्या वेळी माझ्या त्या नीटनेटकेपणानं मी बोल्ट काढून ती जागा रंगवली होती आणि केबल त्या रंगावर आवळली होती. दुसऱ्या कुणासारखा वरून फवारा मारला असता तर काही झालं नसतं. करंट कसाबसा बोल्टच्या आट्यांतून जात होता. दिवसा तेवढं पुरायचं. संध्याकाळी हेडलाइट आणि एसी एकदम लागले की मोरी तुंबायची, सेन्सरचा आकडा हलायचा आणि दिवा लागायचा. इंजिन ठीक, सेन्सर ठीक, जोड ठीक. म्हणूनच गाडीत काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं.

सँडपेपरनं ती जागा घासली, लोखंड पांढरं होईपर्यंत घासली. दिवा गेला, तो आजतागायत लागलेला नाही. त्या वर्षी मी अकरा गाड्या अशा रंगवल्या होत्या. एकेकाला बोलावून, "फ्री चेकअप आहे" असं सांगून सगळ्यांचे बोल्ट घासून दिले. कुणाला कारण सांगितलं नाही.

इथवर ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते. पुढचं मी जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही. अक्का गाडी न्यायला आल्या, दिवा गेलेला पाहून खूश झाल्या आणि विचारलं, "काय होतं रे शेवटी?"

मी म्हणालो, "सुम्ने, उगाच आपलं एक कनेक्शन लूज होतं."

"त्या नंजुंडाचंच ना?"

आणि मी म्हणालो, "हं."

एक अक्षर. ते तोंडातून जाताना मला कळत होतं की मी काय करतोय. तरी गेलं. लाज वाटली म्हणून गेलं. एवढ्या मोठ्या नावाचा मेकॅनिक, वत्सलाक्कांसमोर कसं म्हणणार की माझ्याच रंगानं तुमची गाडी तीन महिने आजारी होती?

त्यानंतरची पाच-साडेपाच वर्षं मी कशी काढली? बाहेरून पाहिलं तर मजेत. नवे इलेक्ट्रिशियन आले आणि गेले. हुशार मुलं, हातात टॅबलेट. नंबर आला की पार्ट बदलतात, जोड मारायला कंटाळतात. त्यांच्यातल्या एकाशीही मला कॉफी वाटून घ्यावीशी वाटली नाही. मी अख्खी कॉफी मागवतो आणि अर्धी पिऊन ठेवून देतो. मागचा बाक कुणाला वापरू दिला नाही. नंजुंडा गावाला परत गेला, एवढं कानावर आलं होतं. बायको म्हणायची, "जाऊन या की एकदा. देवनहळ्ळी काय परदेशात आहे?" मी म्हणायचो, जाऊ, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी एअरपोर्ट रोडच्या ट्रॅफिकचं निमित्त असायचं. कधी एखाद्या गाडीत वायरींचा गुंता समोर आला की तोंडातून "नंजुंडा" अशी हाक निघून जायची. मग मीच खोकल्यासारखं करायचो. त्याची आठवण येत नव्हती असा एक दिवस गेला नाही, हे त्याला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात एक टॅक्सीवाला आला. गाडी देवनहळ्ळीची, एअरपोर्टच्या फेऱ्या मारणारी. तक्रार तीच, गाडी छान पण दिवा लागलाय. बॉनेट उघडलं, वायरींमध्ये हात घातला आणि बोटाला गाठ लागली. टेपच्या टोकाला मेणाच्या दोऱ्याची गाठ. मी दुसरा हात घालून ती नीट चाचपली.

"हे कुणी केलं?"

"आमच्याकडे नंजुंडण्णा आहेत, सार. त्यांनीच पाठवलं. म्हणाले, वायरिंग सगळं बघितलं, वायरिंगमध्ये काही नाही, इंजिनचं काम आहे. राजाजीनगरात अण्णांकडे जा, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नको."

मी गाडी दुरुस्त केली. कशी केली ते आठवत नाही. त्यानं मला गिऱ्हाईक पाठवलं होतं. मी त्याच्या जोडाला उंदरापेक्षा वाईट म्हटलं, वर खोटं बोललो, आणि तो लोकांना सांगत होता की दुसऱ्या कुणाकडे जाऊ नको! पुढच्या रविवारी सकाळी मी निघालो. ट्रॅफिक नव्हतंच मुळी.

देवनहळ्ळीच्या अलीकडे जिथे द्राक्षांचे मळे होते तिथे प्लॉट पाडून दगड रोवलेत. त्यातच रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड, दारात दोन टॅक्स्या, वर त्याच्या नावाचा बोर्ड. नंजुंडा बाहेर आला. केस पिकलेत. "या अण्णा," म्हणाला आणि स्टूल पुसून दिलं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. त्याच्या मुलीचं कॉलेज, माझी शुगर, मेट्रोची खोदाई. आमचं बोलणं कन्नडात, इथे मराठीत लिहितोय. शेवटी एकदाचं सांगितलं. काळा रंग, बोल्ट, मोरी, सगळं.

तो म्हणाला, "ठाऊक आहे, अण्णा."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वेळेपासून. अक्का संध्याकाळचं बोलल्या ना, तेव्हा तुमची पाठ वळल्यावर लाइट लावून अर्थला मीटर लावला. अर्धा-पाऊण व्होल्ट तिथेच अडकत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"अक्का उभ्या होत्या. सगळ्या गल्लीच्या गाड्या तुम्ही रंगवलेल्या. त्यांच्यासमोर कसं म्हणू की अण्णांच्या रंगानं झालंय? त्या जरा बाजूला झाल्या की गुपचूप घासून टाकीन म्हटलं, तुम्हालाही कळायला नको. पण त्या दर वेळी गाडीजवळून हलायच्याच नाहीत. त्या शनिवारी तरी त्या गाडी ठेवून घरी जातील असं वाटलं होतं. तर त्या तिथेच उभ्या." मग म्हणाला, "तुमची मर्यादा मी राखली, अण्णा. माझी तुम्ही राखली नाहीत."

आमच्याकडे मर्यादा म्हणजे मान, इज्जत. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही. मी म्हटलं, "आता काय करू ते सांग."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्या उभ्या होत्या त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी वत्सलाक्कांकडे गेलो. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गाडी अजून तीच. उभ्यानंच सगळं सांगितलं, त्या "हं"सकट. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा होतो. अक्का ऐकत राहिल्या आणि खुर्चीत बसल्या.

"मुकुंदा, मी अख्ख्या क्रॉसला सांगितलं होतं रे, त्याला वायरीला हात लावू देऊ नका म्हणून. माझा क्लच झाला त्यानंतर इथे कोपऱ्यावर त्यानं दुकान टाकलं होतं दोन महिने. ते माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. तुझ्या शेजारच्या क्रॉसमध्ये तो दोन महिने माशा मारत बसला होता आणि तुला माहीत नव्हतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच स्वतःला म्हणालो. म्हणजे तो आपणहून गावाला निघून गेला नव्हता. माझ्या "हं"नं त्याला तिथे घालवलं होतं.

अक्का उठल्या. "गाडीचा हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. चल."

"अक्का, हॉर्न मी करून देतो की."

"तू लोखंडाचा माणूस ना? मग गप्प बस."

गाडी त्यांनीच चालवली. चाळीस किलोमीटर, हॉर्नशिवाय, बेंगळुरात! मी देवाचं नाव घेत बसलो होतो. शेडपाशी उतरल्या, काठी न घेता नंजुंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोन टॅक्सीवाले होते, चहावाला होता. त्या सगळ्यांसमोर, वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तप्पायितु, नंजुंडा. माझी चूक झाली. तुझा जोड बरोबर होता."

आदल्या दिवशी तासभर बोलूनही मला हा शब्द सुचला नव्हता. मी त्यांच्यामागे उभा होतो, पुढे झालो आणि तोच शब्द म्हणालो. मोठ्यानंच म्हणालो. गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, गिऱ्हाइकांसमोरच परत घेतलं. नंजुंडा लाजला, "बिडी अक्का, बिडी अण्णा, सोडा आता" म्हणत बॉनेटकडे वळला. हॉर्नकडे जाणारी एक वायर झिजून तुटायला आली होती. वायर दातात धरली, जोड केला, टेप, दोरा. तो गाठ मारत असताना मी टॉर्च धरला होता. अक्कांनी हॉर्न इतका वाजवला की शेडवरची कबुतरं उडाली.

निघताना अक्का गाडीत बसल्या आणि मी मागे राहिलो. मला जे विचारायचं होतं ते इतकी वर्षं राहूनच गेलं होतं. "नंजुंडा, परत येतोस? बाक तसाच आहे. माझी आता फार वर्षं राहिली नाहीत, गॅरेज निम्मं तुझ्या नावावर करतो. नाहीतर राहू दे, नुसता येऊन बस."

तो पटकन नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचार केला. हात पुसले, वर बोर्डाकडे बघितलं.

"हा बोर्ड लावून दोन वर्षं झाली, अण्णा. त्याआधी तीन वर्षं लावला नव्हता. घरचे म्हणायचे, लाव, लाव. मी म्हणायचो, थांबा स्वल्प, कशाला उगाच, अण्णा येतील, मग काढावा लागेल." तो हसला, अगदी साधा. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर तसाच निघून आलो असतो."

परतीच्या वाटेवर अक्का हॉर्न वाजवत होत्या, मी वर्षं मोजत होतो. दोन वर्षांपूर्वी मी काय करत होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी गॅरेजात बसून होतो. तो येईल म्हणून वाट बघत.